नाताळचा पोशाख आणि संमतीचा प्रश्न

गेल्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. शहाद्याच्या न्यायालयातील दिवसाचे काम आटोपून आम्ही आमच्या कचेरीत परतलो, तो बाहेरच्या बाकावर एक भगिनी आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन बसलेल्या दिसल्या. त्यांचे यजमान एस. टी.च्या आगारात नोकरीस आहेत. थोरला मुलगा बारावीला विज्ञान शाखेत आहे आणि ही धाकटी गावातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. भगिनींच्या हातात शाळेची चिठ्ठी होती. आपल्या पाल्याची नाताळच्या कार्यक्रमात सांताक्लॉजच्या भूमिकेसाठी निवड झाली असून, तांबडा अंगरखा, टोपी व पांढरी दाढी घेऊन तिला चोवीस तारखेस सकाळी आठ वाजता पाठवावे, असा तिचा मजकूर होता. दुसरी वस्तू मोबाईल होती. त्यावर पालकांच्या समूहात फिरत असलेला संदेश त्यांनी आम्हांस वाचून दाखविला: मुलांना सांताक्लॉज बनविणे ही धर्मांतराची पहिली पायरी आहे, पालकांनी शाळेस लेखी विरोध कळवावा, पंचवीस डिसेंबर हा तुळशीपूजन दिन म्हणून पाळावा, आणि जे पालक मुलांना पाठवतील त्यांची नावे लक्षात ठेवली जातील.

“वकीलदादा,” त्या म्हणाल्या, “हिचे वडील म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालायचे नाही. शाळेवाले म्हणतात, नाही म्हटले तर पोरगी हिरमुसेल. हे मेसेजवाले म्हणतात, पाठवाल तर याद राखा. ते सगळे मी बघून घेईन. पण मोठ्याची व्हॅलिडिटी अजून यायची आहे. हिचा त्या कपड्यातला फोटो कोणी समितीकडे धाडला तर पोराचे काय होईल, तेवढे सांगा.”

वाचकहो, नाताळ, सांताक्लॉज आणि संस्कृती ह्यांविषयी दर डिसेंबरात जी चर्चा उसळते, ती आम्ही पुष्कळ ऐकली आहे. तीत उदारमतवादी बोलतात, संस्कृतिरक्षक बोलतात, शाळांचे चालक बोलतात. परंतु ह्या भगिनींनी जो प्रश्न विचारला, तो त्या चर्चेत आम्हांस कधी आढळला नाही. ज्याची जात कागदावर आहे आणि त्या कागदावर ज्याच्या मुलाचा प्रवेश अवलंबून आहे, त्यालाच तो सुचतो. आणि तो वेडगळपणाचा मुळीच नाही. त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार आहे.

२०२३ सालची ती हकीकत. सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने महार जातीच्या आपल्या दाव्याची पडताळणी व्हावी म्हणून अमरावतीच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज केला. समितीचे दक्षता पथक घरी गेले. तेथे भिंतीवर येशू ख्रिस्ताचे चित्र टांगलेले त्यांना दिसले. झाले! कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, सबब ते अनुसूचित जातीत मोडत नाही, इतर मागासवर्गात मोडते, असा निष्कर्ष निघाला आणि दावा नामंजूर झाला. मुलीचे म्हणणे असे, की आम्ही बौद्ध परंपरेचे, चित्र कोणीतरी भेट दिले म्हणून भिंतीवर लावले. बाप्तिस्मा झाल्याचा कसलाही पुरावा समितीसमोर नव्हता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात समितीचा आदेश रद्द केला. घरात ख्रिस्ताचे चित्र आहे एवढ्यावरून कुटुंब ख्रिस्ती झाले असे कोणताही शहाणा मनुष्य मानणार नाही, अशा आशयाचे कडक शब्द न्यायालयाने वापरले.

निकाल मुलीच्या बाजूने लागला, हे उत्तम झाले. परंतु एका चित्राच्या पायी सतरा वर्षांच्या मुलीला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्यांना नागपूरचे भाडे आणि वकिलाची फी परवडत नाही, त्यांनी काय करावे? ते चित्र काढून ठेवतात. कोणी भेट दिलेली मेणबत्ती, कोणी शेजाऱ्याने दिलेले नाताळचे भेटकार्ड, सारे पेटीच्या तळाशी जाते. ह्याला सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणावयाचे असेल तर म्हणा. आम्ही त्याला भीती म्हणतो.

ह्या भीतीचे मूळ कायद्यात आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद प्रथम फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसमवेत बुद्धाचा मार्ग धरला, आणि त्या एका निश्चयापायी केंद्राच्या यादीतून आमचे वाडवडील बाहेर पडले. परत आत येण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! धर्म बदलला म्हणून विटाळ गेला नव्हता, विहीर मोकळी झाली नव्हती. गेली ती सवलत तेवढी. आज त्या परिच्छेदात हिंदू, शीख आणि बौद्ध आहेत. पूर्वास्पृश्य ख्रिस्ती आणि मुसलमान अद्याप बाहेरच आहेत. एवंच, महाराच्या घरातील बुद्धमूर्ती निरुपद्रवी आणि ख्रिस्ताचे चित्र घातक, हा भेद दक्षता पथकाने आपल्या मनातून काढलेला नाही. त्याची बीजे त्या परिच्छेदातच आहेत.

येथे एक खुलासा करणे वकील या नात्याने आमचे कर्तव्य आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचे अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी केलेले अपील फेटाळले. तेथे बाप्तिस्मा व चर्चमधील नियमित उपस्थिती पुराव्याने शाबीत झाली होती. त्या निकालाची प्रत पुढे करून कोणी तुम्हांस भिववील, तर त्याला विचारा, की शाबीत धर्मांतर आणि भिंतीवरचे चित्र ह्यांत फरक आहे की नाही? बाप्तिस्मा ही कृती आहे. शाळेच्या रंगमंचावर पाच मिनिटे चढविलेला तांबडा अंगरखा ही कृती नव्हे. आम्ही त्या भगिनींना हेच सांगितले. त्यांचे अर्धे समाधान झाले. कारण कायदा काय म्हणतो हे कळले, तरी समितीचा माणूस घरी येऊन काय पाहील हे कोण सांगणार?

आता शाळेच्या चिठ्ठीकडे वळू.

शहाद्याहून उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात खेतिया लागते आणि मध्यप्रदेश सुरू होतो. त्या राज्यातील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने डिसेंबर २०२३ मध्ये शाळांना एक आदेश काढला. नाताळच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना सांताक्लॉज, नाताळचे झाड वगैरे बनवावयाचे असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी, तशी न घेता काही केले आणि तक्रार आली, तर शाळेवर कारवाई होईल, असा त्याचा आशय होता. वृत्तपत्रांत त्यावर दोन तट पडले. एका तटाने हा अल्पसंख्याकांवर घाला म्हटला, दुसऱ्याने ही संस्कृतीची राखण म्हटली. आम्हांस मात्र तो आदेश वाचताना प्रथम आठवले ते आपल्या संविधानाचे कलम २८.

विधि महाविद्यालयात असताना हे कलम आमच्या प्राध्यापकांनी एका तासात उरकले होते. कलम १९ ला महिना लागला होता. आज वाटते, उलट झाले असते तर बरे. कलम २८ च्या तिसऱ्या खंडाचा अर्थ असा, की शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्यास त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची किंवा धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे पालकांची संमती ही कल्पना शाजापूरच्या अधिकाऱ्याची नव्हे. ती संविधानाची आहे. घटना समितीत ह्या कलमांवर डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला तेव्हा मसुद्याची बाजू सांभाळणारे बाबासाहेबच होते.

मग त्या आदेशात दोष कोणता? सांताक्लॉज ही उपासना आहे की नुसते सोंग, ह्या वादात आम्ही शिरत नाही. पालकाची परवानगी घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही. दोष असा, की संमती एकाच सणाला मागितली. दसऱ्याला पाटीपूजन होते, सरस्वतीच्या प्रतिमेस हार घातला जातो, मुलांच्या कपाळी कुंकू लावले जाते. गणेशोत्सवात वर्गात आरती होते. कित्येक शाळांत दिवसाची सुरुवातच वंदनेने होते. आपल्या वाचकांपैकी कोणत्या पालकास आजवर त्याविषयी लेखी संमती विचारण्यात आली? ज्यास आली असेल त्याने आम्हांस अवश्य कळवावे, आम्ही त्या शाळेचे नाव ह्याच पृष्ठावर ठळक टाईपात छापू. जेथे सक्तीचा प्रश्न खरोखर उभा राहतो, म्हणजे जेथे हात जोडून मूर्तीपुढे उभे राहावे लागते, तेथे संमतीचा कागद नाही. आणि जेथे मूल खोटी दाढी लावून चॉकलेटे वाटते, तेथे आहे! कलम २८ चे बोट धरून असे चालणे म्हणजे कलम १४ ला पायाखाली घालणे होय.

सक्तीची किंमत आमच्या महाराष्ट्रात मोजली गेलेली आहे. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. ते उभे राहत, व्यत्यय आणीत नसत. हात मात्र जोडीत नसत. ह्या एवढ्यावर त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडविण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१३ साली न्यायालयाने निर्णय दिला, की शिक्षकास प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करणे हा त्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. त्याहीपूर्वी, १९८६ साली, केरळातील तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी ह्यांच्या पीठाने त्यांना शाळेत परत घेण्याचा हुकूम दिला. नाशिकच्या शिक्षकाचा हात आणि केरळच्या मुलांचे ओठ ह्यांचे रक्षण एकाच तत्त्वाने झाले. एका पंथाच्या मुलांनी लढून मिळविलेला न्याय आज आपल्या मुलांच्या उपयोगी पडतो, हे ज्यांना नाताळचा उल्लेख होताच कपाळावर आठ्या पडतात अशा आमच्या बांधवांनी ध्यानात घ्यावे.

होय, असे बांधव आपल्यातही आहेत. तो संदेश त्या भगिनींना दुसऱ्या कोणी नव्हे, त्यांच्याच मोहल्ल्यातील एका तरुणाने पुढे पाठविला होता. त्याचे म्हणणे, पंचवीस डिसेंबर हा आपला मनुस्मृतिदहन दिन, त्या दिवशी पोरींनी लाल टोप्या घालून का नाचावे? तरुणाचा अभिमान आम्हांस कळतो. पण त्याने महाडचा इतिहास पुरता वाचलेला दिसत नाही.

महाडला काय घडले? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांच्या भावना दुखावल्या. भावना! वाचकहो, हा शब्द आज नवा नाही. दुखावलेल्या भावनांवर उपाय म्हणून एकशे आठ घागरी पाणी उपसून, त्यांत शेण, गोमूत्र, दही, दूध मिसळून तळे शुद्ध करण्यात आले. डिसेंबरात सत्याग्रह ठरला तेव्हा स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळविला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आणि वहिवाट जुनी, असे त्यांचे म्हणणे. त्या वहिवाटीचा फोलपणा मुंबई उच्च न्यायालयाने अखेर ठरविला तो मार्च १९३७ मध्ये. आणि २५ डिसेंबर १९२७ ला परिषद भरावयाची तर महाडात कोणी हिंदू जागा देईना. ती जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ह्यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. त्यास अनुमोदन राजभोजांचे. नाताळच्या आठवड्यात कचेऱ्या आणि कोर्टे बंद असत, म्हणून त्या काळी परिषदा, अधिवेशने त्याच आठवड्यात भरत, काँग्रेसचीही भरत. महाडची परिषदही त्याच सुट्टीत भरली. ख्रिस्ताच्या जन्माची सुट्टी, मुसलमानाची जमीन, ब्राह्मणाचा ठराव आणि अस्पृश्यांची आग. आता ह्या दिवसातून लाल टोपी वेचून बाहेर फेकावयाची म्हटले, तर आणखी काय काय फेकावे लागेल त्याचा हिशेब त्या तरुणाने करावा.

पंचवीस डिसेंबरवर हल्ली दावे सांगणारेही वाढले आहेत. २०१४ पासून सरकारने तो सुशासन दिन ठरविला, कारण अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा तो जन्मदिवस. त्याच वर्षापासून एका आश्रमाच्या अनुयायांनी तो तुळशीपूजन दिन केला. तुळशीचे लग्न कार्तिकात लागते, हे खानदेशातल्या कोणत्याही आजीबाईस ठाऊक आहे. तिला पूस-मार्गशीर्षात पुन्हा पूजेस उभे करण्याचे कारण तुळशीच्या प्रेमात नसावे, एवढे म्हणून हा विषय सोडतो. तुळस लावावी. तिला कोणाच्या विरोधात लावू नये.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा वाद केवळ शाळेच्या रंगमंचावरचा नाही. नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या बाजूस, कित्येक आदिवासी पाड्यांवर पिढ्यान्पिढ्या नाताळ साजरा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य मिशनरी पश्चिम खानदेशात आले, त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, भिल्ल व मावची कुटुंबांपैकी काहींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. आता त्यांच्या घरांवर डिसेंबरात कागदाचा तारा टांगलेला दिसतो. आदिवासींच्या बाबतीत कायदा वेगळा आहे: १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी केवळ तेवढ्याने त्याची जमात सुटत नाही. पण ती अट घाला, ख्रिस्ती आदिवासींस यादीतून वगळा, अशी मागणी करणारे मोर्चे अलीकडे देशभर निघतात. उद्या ती मान्य झाली, तर तो कागदाचा तारा पुराव्यात दाखल होईल. अमरावतीत चित्र दाखल झाले होते.

आणि नवापूरचे लोक विसरलेले नाहीत. त्यांच्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. गुजरातच्या बाजूने पुढे गेले की डांग. तेथे २५ डिसेंबर १९९८ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, आहव्याला मोर्चा निघाला. आणि त्या दिवसापासून पुढील कित्येक दिवस खेड्यापाड्यांतील चर्चे व प्रार्थनाघरे मोडली, जाळली गेली. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी तेथे आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी, असे त्यांनी सुचविले. प्रार्थनाघर जळाले आदिवासीचे, आणि चर्चा ठरली त्याने देव का बदलला ह्याची! त्यानंतर नऊ वर्षांनी, २४ डिसेंबर २००७ रोजी, ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यात तंटा पेटला तोही नाताळच्या सजावटीवरून, रस्त्यातील कमानींवरून. पुढच्या ऑगस्टमध्ये एका स्वामींचा खून झाला, ते कृत्य निंद्यच होते. पण त्याचा सूड ज्यांवर उगवला गेला, त्यांत पाण जातीचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. पाण म्हणजे आपल्यासारखेच पूर्वास्पृश्य. कमान कोणी उभारली ह्यापेक्षा पाणाने उभारली, हे अधिक बोचले नसेल काय?

नाताळ परकी आहे, असे म्हणणारांशी आम्ही फार वाद घालीत नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा, हे खरे. पण बटाटाही त्यांनीच आणला, आणि तो उपवासाला चालतो. फादर स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते ह्याच भाषेत. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई मराठी नव्हत्या काय? तरीही २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनास वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून धमक्या आल्याच.

अलीकडे एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. खुद्द अमेरिकेतही आता शुभ नाताळ म्हणत नाहीत, सणाच्या शुभेच्छा म्हणतात, मग आपण का म्हणावे? ह्या युक्तिवादात एक हातचलाखी आहे. तेथे नाताळ हा बहुसंख्यांचा सण आहे. ज्यू, मुसलमान, निरीश्वरवादी ह्यांना परके वाटू नये म्हणून सरकारने आणि दुकानदाराने थोडा संयम राखावा, असा तेथील वाद. संयम मागितला जातो तो बलवानाकडून. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे पॉटकेट ह्या छोट्या शहराचा दावा आला. नगरपालिकेने सजावटीत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता. पाच विरुद्ध चार मतांनी तो चालेल असे ठरले. कारण भोवती सांताक्लॉज होता, त्याची सांबरे होती, झाड होते. नगरपालिका तेथे अवघ्या शहराची, म्हणून प्रश्न. आपल्याकडे २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात ख्रिस्ती शेकडा एकदेखील पुरते भरले नाहीत. आपण बौद्ध शेकडा सहाच्या आत. शंभरांत एकाला म्हणावयाचे, तुझा सण आम्हांस खुपतो, जरा आवर! अमेरिकेचा दाखला द्यावयाचाच, तर नगरपालिकेच्या प्रांगणातील, तहसील कचेरीतील, पोलीस ठाण्यातील देवळांविषयी द्यावा. तेथे तो चपखल बसेल. शिवाय नाताळवर कायद्याने बंदी घालणारे पहिले लोक कट्टर ख्रिस्तीच होते, हेही ह्या मंडळींना ठाऊक नसावे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली ती घातली, मॅसॅच्युसेट्सने १६५९ साली. तेथे नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड होता आणि तो १६८१ पर्यंत टिकला.

ख्रिस्ती संस्थांची बाजू आम्ही घेतो आहोत, असा समज होऊ नये. त्या चिठ्ठीतील ‘निवड झाली आहे’ हे शब्द आम्हांस खटकले. कोणी विचारले? कोणास विचारले? मूल दुसऱ्याचे, घर दुसऱ्याचे, निवड मात्र शाळेची. पाटीपूजनाच्या वेळी जी मग्रुरी दिसते, तीच येथे गोड होऊन आली आहे एवढेच. चर्चच्या आत जातीने काय धुमाकूळ घातला आहे, ह्यावर बाबासाहेबांनी सविस्तर लिहून ठेवले आहे. धर्म बदलूनही हिंदी ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढण्यास उभा राहिला नाही, हा त्यांचा आक्षेप आजही पुरता खोटा ठरलेला नाही.

राहिला यजमानांचा मुद्दा, प्रतिज्ञांचा. आम्ही बावीस प्रतिज्ञा काढून त्या दांपत्यासमोर वाचल्या. त्यांत ब्रह्मा, विष्णू, महेश आहेत. राम, कृष्ण आहेत. गौरी, गणपती आहेत. ख्रिस्त नाही. सांताक्लॉज तर देवच नव्हे. चौथ्या शतकातील निकोलस नावाच्या धर्मगुरूच्या आख्यायिकेवर व्यापाऱ्यांनी चढविलेला तो तांबडा कोट आहे. शब्दशः पाहता प्रतिज्ञाभंग नाही. परंतु यजमान म्हणाले, “साहेब, शब्द सोडा. आमच्या बाने ज्या दिवशी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात सोंग म्हणून कोणी गोंधळही घातला नाही.” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि उत्तर देण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता. तो निर्णय त्या दोघांचा. त्यांनी तो आमच्यासमोरच केला, मुलीला विचारून केला, आणि बराच वेळ लावून केला. मुलीस दाढी नको होती. चॉकलेटे वाटण्यास तिची हरकत नव्हती.

मग आम्ही शाळेस पत्र लिहून दिले. त्यात म्हटले, की आमची पाल्या नाताळच्या कार्यक्रमात आपल्या नेहमीच्या गणवेशात खाऊवाटपास हजर राहील, ह्यास आम्हां पालकांची संमती आहे. सांताक्लॉजच्या भूमिकेस संमती नाही. पंचवीस तारखेस ती आमच्याबरोबर विहारातील मनुस्मृतिदहन दिनाच्या कार्यक्रमास जाणार आहे. आणि यापुढे पाटीपूजन, आरती, वंदना, नाताळ, कोणत्याही धर्माचा कोणताही विधी असो, त्यात तिला सामील करण्यापूर्वी संविधानाच्या कलम २८ अन्वये आमची संमती लेखी मागावी. अशाच पत्राचा मसुदा आम्ही वाचकांसाठी पुढील अंकी छापणार आहोत. आपापल्या शाळेचे नाव घालून तो वापरावा.

बावीस तारखेस त्या भगिनी पत्र घेऊन शाळेत गेल्या. लिपिकाने ते दोनदा वाचले, पोच दिली, आणि विचारले, “नाताळचे ठीक आहे बाई, पण पाटीपूजनाचा फॉर्म आमच्याकडे कुठे आहे?”

“छापून घ्या,” त्या म्हणाल्या.